सूर्य मावळण्यापूर्वीची मजुरी

गेल्या अंकात या सदरात मी आमच्या दारफाळणीच्या सणाविषयी थोडेसे लिहिले होते. ज्यू पंचांगात ज्याला योम किप्पूर म्हणतात तो हा प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत निर्जळी उपास करायचा, पांढरी वस्त्रे नेसायची आणि दार लोटून घरात बसायचे, अशी आमच्या कोकणातील पूर्वजांची रीत होती, आणि तीवरूनच त्यांनी या सणाला हे अस्सल मराठी नाव दिले. त्या दिवशी वाचला जाणारा उतारा उपास करणाऱ्यालाच जाब विचारतो, असेही मी त्या लेखात म्हटले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच देत आहे. मी धर्मगुरू नाही. सोलापुरात वाढलेली, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी ज्यू समाजाची, बाई आहे, आणि वाचून, घरात पाहून व थोरामोठ्यांना विचारून जे कळले तेवढेच लिहिते.

प्रश्न : बाई, सोलापुरात तुमचे देऊळ नाही, धर्मगुरू नाहीत, सणाला जमायला माणसेही नाहीत. मग तुमचा धर्म टिकतो कसा? (एक वाचक, बाळीवेस)

आमची जवळची प्रार्थनालये अडीचशे किलोमीटरवर पुण्यात आहेत. एक कँपातील, १८६७ साली पूर्ण झालेले, ज्याला त्याच्या लाल विटांमुळे सारे पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात, आणि दुसरे रास्ता पेठेतील. मुंबईत मांडवी भागात १७९६ साली समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेल्या आमच्या पहिल्या प्रार्थनालयाला मात्र जुनी माणसे ‘जुनी मशीद’ म्हणत. एकाच धर्माच्या घराला एका शहरात देऊळ आणि दुसऱ्या शहरात मशीद म्हणावे, याचे मला लहानपणापासून अप्रूप वाटत आले आहे. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा जण लागतात. परंपरेनुसार ते प्रौढ पुरुष असावे लागतात; सुधारणावादी पंथांत स्त्रियाही मोजल्या जातात. रेल्वेच्या नोकरीत वडिलांची बदली होऊन आम्ही येथे आलो, तेव्हापासून आमच्या घरात तो दहाचा आकडा एकदाही भरलेला नाही.

पण शुक्रवारच्या दिव्याला दहा माणसे लागत नाहीत. माझी आई काचेच्या पेल्यात अर्धे पाणी घेई, त्यावर बोटभर तेल ओती, आणि काडीला कापूस गुंडाळून केलेली वात त्यात उभी करी. कोकणात हे तेल खोबऱ्याचे असे. सोलापुरात आल्यावर ते करडईचे झाले, आणि शेजारच्या तेलघाण्यावरून ते आणताना आपल्या पणजोबांचाही हाच धंदा होता, हे आई दर खेपेला आम्हांला सांगे. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यातील गावकरी आम्हांला ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद असे आणि घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा असे. द्राक्षाची वाइन मिळत नसल्यामुळे सकाळी काळ्या मनुका भिजत घालायच्या, दुपारी कुस्करून गाळायच्या आणि त्या सरबतावर संध्याकाळी आशीर्वाद म्हणायचा, ही रीतही तेव्हाचीच. हिब्रू विसरले, ग्रंथ हरवले, तरी शनिवार आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना शिल्लक राहिली, असे आमच्या समाजाचा इतिहास सांगतो.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, त्यानंतर ज्यू धर्म असा घराघरांत वाटला गेला. मंदिर उभे होते तोवर वेदी माणसाचे प्रायश्चित्त घडवीत असे, आता ते काम त्याची जेवणाची पंगत करते, असे तालमुद या ज्यू धर्मशास्त्रीय चर्चांच्या प्राचीन ग्रंथात म्हटले आहे. हे वाक्य जेथे येते तेथे विषय आहे जेवताना घाई न करण्याचा, आणि घाई का करू नये, तर तेवढ्यात दाराशी एखादा गरीब येईल आणि त्याला ताटातले देता येईल म्हणून. पुढच्या सर्व प्रश्नांची उत्तरे देताना ही पंगत मी नजरेसमोर ठेवली आहे.

प्रश्न : माझे बारा यंत्रमाग आहेत, टॉवेल विणतो. दरवर्षी अन्नदान करतो, गड्ड्याच्या यात्रेत पाणपोई लावतो. उपासाच्या दिवशी उपासावरच टीका वाचतात, हे तुमचे म्हणणे मला पटले नाही. उपासाचा आणि मजुरीचा संबंध काय? आणि तुमच्या ‘त्सेदाका’त आणि आमच्या दानात फरक तो काय? (एक कारखानदार, अक्कलकोट रस्ता)

आपण हे पत्र मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते.

तो उतारा यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील अठ्ठावन्नाव्या अध्यायातील आहे. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तरी तुझे आमच्याकडे लक्ष कसे जात नाही? त्यावर उत्तर येते की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच स्वार्थ साधता आणि आपल्या मजुरांना राबवून घेता. मला हवा असलेला उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, निराश्रिताला घरात घेणे आणि उघड्याला पांघरूण घालणे. हा उतारा वर्षातील इतर कोणत्याही दिवशी वाचता आला असता. तो दारफाळणीच्या सकाळीच वाचायचा असे ज्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, ठरवले, त्यांना माणसाच्या मनाची फार चांगली पारख होती, असे मला वाटते. पोट रिकामे असते, घसा कोरडा असतो, आपण काहीतरी मोठे केले असे मनाला वाटू लागलेले असते, आणि नेमक्या त्याच घटकेला मजुराचे नाव निघते.

मजुरीबद्दलचा नियम त्याहून रोखठोक आहे. तोरा म्हणजे आमची पाच मूळ धर्मपुस्तके; त्यांतील ‘अनुवाद’ नावाच्या पाचव्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात, सांगितले आहे की गरजू मजुराची, मग तो तुमचा भाऊबंद असो की तुमच्या गावात राहणारा परका असो, मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे. ‘उचल’ आणि ‘बाकी’ हे शब्द ज्या शहरातील कामगाराच्या घरात रोज बोलले जातात, त्या शहरात या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तालमुदात एक प्रसंग आहे, तो आपल्या धंद्याच्या फार जवळचा आहे. रब्बा बर बर हनन नावाच्या एका विद्वानाचे द्राक्षमद्याचे पिंप हमालांच्या हातून फुटले. नुकसानभरपाई म्हणून त्याने त्यांची अंगावरची वस्त्रे काढून घेतली. हमाल रव नावाच्या थोर गुरूकडे गेले. रव म्हणाला, त्यांची वस्त्रे परत दे. रब्बाने विचारले, हा कायदा आहे काय? रव म्हणाला, होय, कारण ‘तू सज्जनांच्या मार्गाने चालावेस’ असे नीतिसूत्रांत म्हटले आहे. वस्त्रे मिळाल्यावर हमाल म्हणाले, आम्ही गरीब माणसे, दिवसभर राबलो, भुकेले आहोत आणि हातात काही नाही. रव म्हणाला, जा, त्यांची मजुरीही दे. रब्बाने पुन्हा विचारले, हा कायदा आहे काय? आणि रव पुन्हा म्हणाला, होय, त्याच वचनाचा पुढचा अर्धा भाग असा आहे की ‘नीतिमानांच्या वाटा धरून राहावेस.’

ही कथा मी वर्गात सांगत असे तेव्हा विणकामगारांची मुले ती मान वर करून ऐकत, कारण टॉवेलवर तेलाचा डाग पडला किंवा धागा सुटला की आठवड्याच्या पगारातून किती कापले जाते, हे त्यांना घरी ऐकून ठाऊक असे. कायद्याने पाहिले तर रब्बाची बाजू भक्कम होती. पिंप फुटले होते हे खरे होते. रवने दाखवून दिले ते एवढेच की ज्याचे एका पिंपाने अडत नाही आणि ज्याची आजची चूल त्या मजुरीवर पेटायची आहे, त्या दोघांना एकाच काट्यात तोलणे हा न्याय होत नाही. आपल्या कारखान्यातील कपातीची वही एकदा या दृष्टीने चाळावी, अशी माझी आपणांस विनंती आहे.

आता त्सेदाका. हा शब्द ‘त्सेदेक’ या धातूपासून आला आहे आणि त्याचा अर्थ न्याय असा आहे. शेताचा कोपरा कापायचा नाही, पडलेली कणसे वेचायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची आहेत, असे तोरा सांगते. म्हणजे तो कोपरा शेतकऱ्याने दिलेला नसतो, तो मुळातच त्याचा नसतो. म्हणूनच जो स्वतः त्सेदाका घेऊन जगतो, त्यानेही आपल्याहून गरिबाला थोडे द्यावे असा नियम आहे, कारण न्याय करण्याचा अधिकार गरिबाकडूनही काढून घेता येत नाही. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणारे वैद्य आणि धर्मशास्त्रज्ञ मोशे बेन मैमोन, ज्यांना जग मैमोनिदीस म्हणून ओळखते, त्यांनी देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत देणारा सर्वांत खाली. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ही वरून दुसरी पायरी. आणि सर्वांत वर तो, जो पडणाऱ्या माणसाला कर्ज देतो, धंद्यात भागीदार करतो किंवा काम मिळवून देतो, जेणेकरून त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती त्या स्त्रियांनी आपल्या कमाईतून हिस्सा भरून मिळवलेली आहे. मैमोनिदीस यांनी ती पाहिली असती तर वरच्याच पायरीवर ठेवली असती, असा माझा विश्वास आहे. आपली पाणपोई चालू राहू द्यावी. उन्हात आलेल्या यात्रेकरूला पाणी मिळते. मात्र वरची पायरी आपल्या कारखान्याच्या आतच आहे.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. आधुनिक ज्यू लेखनात ‘तिक्कुन ओलाम’, म्हणजे जगाची दुरुस्ती, हा शब्द सारखा येतो. हा खरोखर जुना विचार आहे, की आजच्या समाजकार्याला दिलेला धार्मिक मुलामा? (होटगी रस्ता)

शब्द जुना आहे, आजचा अर्थ बराचसा नवा आहे, आणि या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे तालमुदाचा पाया असलेल्या नियमसंग्रहामध्ये, तो कायद्याच्या भाषेत येतो, आणि त्यातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कर्जाचे आहे. दर सातव्या वर्षी सर्व कर्जे माफ व्हावीत असा तोराचा नियम होता. नियम गरिबाच्या भल्याचा, पण परिणाम उलटा होऊ लागला. सातवे वर्ष जवळ आले की कोणी गरिबाला उसने देईना. तेव्हा हिल्लेल या गुरूने कर्ज न्यायालयाकडे सोपवण्याची एक लेखी पद्धत काढली, आणि तिचे कारण ‘तिक्कुन हाओलाम’ असे दिले. ज्यांनी आपल्या जिल्ह्यात पतपेढी आणि सावकार या दोन्हींचे उंबरे झिजवले आहेत, त्यांना हिल्लेलने नेमकी कशाची दुरुस्ती केली हे चटकन कळेल.

पुढे सोळाव्या शतकात गालिलातील त्स्फात या गावी इसहाक लुरिया यांनी या शब्दाला गूढवादी अर्थ दिला. सृष्टीच्या आरंभी दिव्य प्रकाशाची पात्रे फुटली, ठिणग्या सर्वत्र विखुरल्या, आणि माणूस प्रार्थनेने व प्रत्येक आज्ञेच्या पालनाने त्या गोळा करतो, असे त्यांचे चिंतन होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, हाच शब्द सामाजिक न्यायासाठी वापरला जाऊ लागला. मला यात मुलामा दिसत नाही, पण धोका दिसतो. शुक्रवारचा दिवा, उपास, अभ्यास हे सारे मागे टाकून एवढा एकच शब्द उचलला, तर तो कोणत्याही फलकावर लिहिता येण्यासारखा सैल होतो.

याउलट जे दोन्ही धरून राहिले त्यांची उदाहरणे ठसठशीत आहेत. वॉर्सामध्ये जन्मलेले, नाझींपासून वाचून अमेरिकेत आलेले रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल २१ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी चालले, आणि चालताना आपले पायच प्रार्थना करीत आहेत असे वाटले, असे त्यांनी नंतर सांगितले. आपल्या कापडाच्या गावाला त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे क्लारा लेमलिच. युक्रेनमधून न्यूयॉर्कला आलेल्या या ज्यू शिवणकामगार मुलीने २२ नोव्हेंबर १९०९ रोजी भरसभेत, पुढाऱ्यांची लांबलेली भाषणे थांबवून, पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिडिश भाषेत संपाची मागणी केली. सभेने हात उंचावून शपथ घेतली की आपण फितूर झालो तर हा उचललेला हात झडून जावो. जेरुसलेमला विसरलो तर उजवा हात निकामी होवो, या स्तोत्रातील जुन्या शपथेचाच तो नवा अवतार होता, आणि तेथे बसलेल्या बहुतेक मुलींना तो सांगावा लागला नसेल. सव्वा वर्षाने, २५ मार्च १९११ रोजी, त्याच शहरातील ट्रँगल कारखान्यात आग लागली. दाराला कुलूप होते. १४६ कामगार गेले, त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन मुली होत्या.

काम फार मोठे आहे म्हणून खचायला होते, असेही तू पत्राच्या शेवटी लिहिले आहेस. रब्बी तारफोन यांचे एक वचन आमच्याकडे मुलांना पाठ करून देतात: काम पूर्ण करणे तुझ्यावर बंधनकारक नाही, पण ते सोडून देण्याची मोकळीकही तुला नाही.

प्रश्न : आपण न्यायाविषयी इतके लिहिता. ज्यू समाजात उच्चनीचता नव्हती आणि नाही, असे आपण म्हणू शकाल का? (एक निवृत्त शिक्षक, सात रस्ता)

गुरुजी, नाही म्हणू शकणार.

आमच्याच समाजात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असे दोन भाग होते. ज्यांच्या वंशात बाहेरची आई आली असे मानले जाई ते काळे. त्यांच्याशी लग्नसंबंध नाही, एका भांड्यात जेवण नाही. माझ्या आजीच्या फडताळात वरच्या फळीवर एक पितळी वाटी पालथी ठेवलेली असे. ती का वापरत नाहीत असे मी एकदा विचारले, तेव्हा आजी नुसते ‘ती पाहुण्यांची’ एवढेच म्हणाली. कोणत्या पाहुण्यांची, हे मला आईने मी मोठी झाल्यावर, मान खाली घालून सांगितले. आजी दर शुक्रवारी दिवा लावीत असे आणि दारफाळणीला तिच्या ओठांना पाणी लागत नसे. ती वाटी आज माझ्याकडे आहे, आणि मी ती रोज वापरते.

कोचीनमध्ये याहून कठोर प्रकार होता. तेथील ‘परदेशी सिनेगॉग’ नावाच्या प्रार्थनालयात मुक्त केलेल्या दासांच्या वंशजांना बाकावर बसण्याची आणि तोरावाचनासाठी पुढे येण्याची मनाई होती. अब्राहम बराक सालेम (१८८२–१९६७) हे त्याच घराण्यांतील वकील. गांधीजींच्या चळवळीत घडलेला हा माणूस आपल्याच प्रार्थनालयात सत्याग्रहाला बसला, आणि हळूहळू ते निर्बंध सैल झाले. लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणत. ज्या सोलापूरने १९३० साली मार्शल लॉ सोसला आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे दिले, त्या गावाला सत्याग्रहाची ओळख मी काय करून द्यावी; पण परक्या सत्तेपुढे बसणे आणि स्वतःच्या देवाच्या घरात, स्वतःच्या भाऊबंदांपुढे बसणे, यांतील दुसरे मला अधिक एकाकी वाटते.

आणि मग आम्हांलाही तोच अनुभव आला. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांसाठी तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने १९६२ साली वंशाची खास चौकशी करण्याचे निर्देश काढले. मराठी बोलणारी ही माणसे जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेला खास बैठक घेऊन बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे म्हणावे लागले. काळ्या-गोऱ्याचा हिशोब ठेवणाऱ्यांना कोणीतरी तुमचाच हिशोब दाखवा म्हटले, तेव्हा त्यांना काय वाटले असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

प्रश्न : मी लिंगायत घरातील मुलगी आहे. ठाण्याच्या एका बेने इस्राएल मुलाशी माझे लग्न ठरत आहे. त्याच्या घरचे धर्मांतराचा आग्रह धरतात. आमची मुले ज्यू ठरतील का? मी काय करावे? (जुळे सोलापूर)

मुली, पारंपरिक धर्मशास्त्रानुसार आई ज्यू असेल किंवा व्यक्तीने रीतसर धर्म स्वीकारला असेल, तरच ती ज्यू मानली जाते. अमेरिकेतील सुधारणावादी पंथाने १९८३ साली आई किंवा वडील यांपैकी कोणीही ज्यू असेल आणि मूल त्या संस्कारात वाढत असेल तर ते ज्यू मानावे, असे ठरवले; परंपरावादी हे मान्य करत नाहीत. म्हणजे तुमची मुले एका ठिकाणी ज्यू आणि दुसऱ्या ठिकाणी नाहीत, असे होऊ शकते, आणि हे लग्नाआधी त्या मुलाशी स्पष्ट बोलून घ्यावेस.

धर्मस्वीकार हा दोन महिन्यांत उरकण्याचा विधी नाही. अभ्यास, तीन जणांच्या धर्ममंडळापुढे उभे राहणे आणि जलस्नान, असा तो क्रम आहे. तालमुद तर सांगते की आलेल्याला आधी परावृत्त करावे आणि विचारावे, हा समाज किती छळला गेला आहे हे तुला ठाऊक नाही का? तरीही तो ठाम राहिला तर त्याला काही सोप्या व काही कठीण आज्ञा शिकवाव्यात, आणि त्यांत नाव घेऊन सांगितलेले नियम कोणते, तर वेचायची कणसे, विसरलेली पेंढी, शेताचा कोपरा आणि गरिबाचा दशमांश. मला हा क्रम अतिशय प्रिय आहे. कायक म्हणजे श्रम आणि दासोह म्हणजे वाटून देणे, यांच्या छायेत, सिद्धरामेश्वरांनी श्रमाने उभारलेल्या तळ्याच्या गावात तू वाढली आहेस. हा भाग तुला कोणी नव्याने शिकवावा लागणार नाही.

तरी माझे मत स्पष्ट आहे. सासरच्या आग्रहाखातर धर्म बदलू नकोस. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता लग्न करता येते. आधी वर्षभर त्यांच्या घरचे सण पाहा, मलिद्याच्या विधीला बस. गोड पोहे, खोबरे आणि पाच फळे ठेवून एलियाहू नबीचे नाव घेतात तेव्हा तुझ्या मनात काय होते ते पाहा. सुधारणावादी परंपरा आपल्याकडेही परकी नाही. डॉ. जेरुशा झिराड, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख आणि १९६६ च्या पद्मश्री, यांनी १९२५ साली मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन ही सुधारणावादी संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला होता. जर्मनीत रेगिना योनास या पहिल्या स्त्री रब्बी झाल्या, त्याच्याही दहा वर्षे आधीची ही गोष्ट.

प्रश्न : इस्राएल जे करतो त्याला तुम्ही ज्यू म्हणून जबाबदार आहात का? गाझाबद्दल तुम्ही गप्प का? (एक वाचक, विजापूर वेस)

मी भारतीय आहे, माझे मतदान सोलापुरात आहे. जगातील सुमारे दीड कोटी ज्यूंपैकी निम्म्याहून कमी इस्राएलमध्ये राहतात, आणि तेथे राहणारेही एका मताचे नाहीत. माझे नातेवाईक तेथे आहेत. त्यांच्या घरी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक येत असे आणि फोनवर आम्ही मराठीतच बोलतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, तेव्हा मी रात्रभर फोनजवळ बसून होते. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो मुले मेली, तेव्हाही मला झोप लागली नाही. ज्याने एक जीव नष्ट केला त्याने जणू सारे जग नष्ट केले, असे मिश्ना म्हणते, आणि त्या वाक्यात जीव कोणाचा हे विचारायला मला जागा दिसत नाही. इस्राएलमध्येच १९८८ साली स्थापन झालेली ‘रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स’ ही संस्था ऑलिव्हच्या हंगामात पॅलेस्टिनी शेतकऱ्यांच्या बागेत त्यांच्या संरक्षणासाठी उभी राहते. हे रब्बी सकाळी प्रार्थना करतात आणि मग शिडी धरतात. मी त्यांच्या बाजूची आहे, आणि हे मी माझ्या नातेवाइकांनाही सांगते.

प्रश्न : मी विडी वळते. शनिवार पाळायला ज्यू असावे लागते का? (कुंभारी)

ताई, शास्त्राप्रमाणे शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचे, सर्व नियम ज्यूंसाठीच आहेत, पण आज्ञा वाचाल तर त्यात विश्रांती कोणाकोणाला सांगितली आहे ते पाहा: तुला, तुझ्या मुलाला-मुलीला, तुझ्या दासाला-दासीला, तुझ्या बैलाला आणि तुझ्या गावातील परक्याला. पुढे कारणही दिले आहे, की तू मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतास हे विसरू नकोस. तेव्हा प्रश्न आपण शनिवार पाळावा का, असा नसून आपल्याला एक दिवस सूप बाजूला ठेवता येईल इतकी हजार विड्यांमागची मजुरी आपल्याला मिळते का, असा आहे, आणि तो मी या अंकातून वरच्या दुसऱ्या पत्राच्या कारखानदारांसारख्या सर्वांपुढे ठेवते.

आपण शुक्रवारी विड्या देऊन परतताना माझ्याकडे येऊ शकता. मनुका सकाळीच भिजत घातलेल्या असतात. मात्र दिवा सूर्य मावळण्यापूर्वी लावायचा असतो, तेवढी वेळ सांभाळावी.